विश्लेषण : मुंगीला पंख नेमके कधी फुटतात? थर्मामीटरवाल्या रेओम्यूरचं १८३ वर्षं बंद राहिलेलं उत्तर

जूनमधला पहिला दणक्याचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा जमतो. घरातलं मोठं माणूस दिवे बंद करायला सांगतं. सकाळी केर काढताना किडे कमी आणि गळून पडलेले पंखच जास्त निघतात. यातले बरेचसे किडे वाळवीचे असतात, पण मुंग्याही असतात.

मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपल्याकडे म्हणतात. स्पॅनिश भाषेतही जवळपास हीच म्हण आहे. या समजुतीत एक गृहीतक लपलेलं आहे. रोज ओट्यावर दिसणारी साधी मुंगीच ऋतू बदलला की रूप बदलते, तिला पंख येतात, असं आपण धरून चालतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या शिकल्यासवरल्या लोकांमध्येही मुंगी म्हातारी झाली की तिला पंख येतात, अशी समजूत होती.

हे गृहीतक ज्याने तपासून मोडीत काढलं, त्याचं नाव आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासाच्या पुस्तकात एकदाच वाचलंय, तेही मुंग्यांच्या संदर्भात नाही. सी भागिले ५, एफ वजा ३२ भागिले ९, आर भागिले ४. तापमानाच्या या सूत्रातला ‘आर’ म्हणजे रने आंत्वान फेर्शो द रेओम्यूर. फ्रेंच शास्त्रज्ञ, जन्म १६८३, मृत्यू १७५७. पॅरिसच्या मेट्रोत आजही त्याच्या नावाचं स्टेशन आहे.

कोण होता रेओम्यूर?

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ला रोशेल या बंदराच्या गावी २८ फेब्रुवारी १६८३ ला त्याचा जन्म झाला. वडील न्यायालयात अधिकारी होते. रने दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हाच ते वारले. घरची स्थिती चांगली होती, त्यामुळे शिक्षणात खंड पडला नाही. १६९९ मध्ये त्याला कायदा शिकायला बूर्जला काकांकडे पाठवण्यात आलं. पण मन गणितात होतं. १७०३ मध्ये तो पॅरिसला आला आणि पिएर व्हारिन्यों या गणितज्ञाच्या हाताखाली तयार झाला. १७०८ मध्ये, पंचविशीत, त्याला विज्ञान अकादमीत प्रवेश मिळाला. तिथे त्याने सादर केलेले पहिले निबंध भूमितीचे होते.

तो भूमितीतच राहिला असता तर आज त्याची आठवण कुणी काढली नसती. १७११ च्या सुमारास अकादमीने त्याच्याकडे एक किचकट काम सोपवलं. देशातल्या सगळ्या हस्तकलांची आणि कारागिरीची नोंद करायची. लोहार, मुलामा देणारे, आरसे बनवणारे, दोर वळणारे काय करतात, कसं करतात, ते लिहायचं. बुद्धिमान तरुणाला असं काम दिलं तर तो वैतागेल, असं वाटू शकतं. रेओम्यूरला मात्र ते मानवलं. कारागिराच्या शेजारी तासन् तास बसायचं, हातांकडे बघायचं, आकडे लिहून घ्यायचे, ही सवय त्याला तिथे लागली. पुढे मुंग्यांच्या घरट्यासमोर तो बसला तोही याच पद्धतीने.

त्याच काळातले त्याचे इतर उद्योग एका दमात सांगायचे तर असे : कोळ्याच्या जाळ्यापासून रेशीम काढणं व्यवहारात परवडेल का, हे त्याने तपासलं आणि कोळी एकमेकांनाच खातात म्हणून ते जमणार नाही, असा निष्कर्ष दिला. नदीतल्या झिंग्याचा तुटलेला पाय पुन्हा कसा उगवतो, ते १७१२ मध्ये मांडलं. गांधीलमाशी लाकूड चघळून कागदासारखं पोळं बांधते हे पाहून, माणसालाही लाकडापासून कागद करता येईल, असं १७१९ मध्ये सुचवलं. तेव्हा युरोपात कागद जुन्या चिंध्यांपासून होत असे.

१७२२ मध्ये लोखंडापासून पोलाद करण्यावर त्याचा ग्रंथ आला. फ्रान्सला पोलाद बाहेरून आणावं लागत होतं, त्यामुळे सरकारने खूश होऊन त्याला वर्षाला १२ हजार लिव्रची पेन्शन दिली. आपल्यामागे ही रक्कम अकादमीला मिळावी, अशी व्यवस्था त्याने करून घेतली. इंजिनीअरिंग केलेल्यांना मॅलिएबल कास्ट आयर्न हा प्रकार माहीत असेल. त्याची कृती लिहून छापणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये रेओम्यूरचं नाव येतं.

थर्मामीटर बनवण्यामागे अडचण काय होती?

मुंग्यांच्या गोष्टीत थर्मामीटर आवश्यक आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

१७३० च्या आधी फ्रान्समध्ये थर्मामीटर होते, पण एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नसे. प्रत्येक कारागीर आपल्या मनाने नळीवर खुणा करायचा. यंदाचा उन्हाळा गेल्या वर्षीपेक्षा कडक होता का, किंवा पॅरिसपेक्षा बोर्दो गरम आहे का, हे सांगायला काही आधारच नव्हता. जर्मन वंशाच्या फॅरनहाइटने हॉलंडमध्ये पाऱ्याचे चांगले थर्मामीटर बनवले होते, पण ते सगळीकडे पोचलेले नव्हते.

रेओम्यूरने १७३० मध्ये वेगळा रस्ता धरला. त्याने पाणी मिसळलेला अल्कोहोल घेतला. पाणी गोठतं त्या तापमानाला त्याचं आकारमान १००० भाग धरलं आणि द्रव एक भागाने फुगला की एक अंश, असं ठरवलं. मिश्रण असं निवडलं की उकळत्या पाण्याच्या उष्णतेला ते १०८० भागांपर्यंत जाईल. म्हणून गोठणबिंदू ० आणि उत्कलनबिंदू ८०. हा ८० चा आकडा अनेकांना विचित्र वाटतो, पण तो हवेतून आलेला नाही. आपल्याकडे पारा ४० अंश सेल्सिअसवर जातो तेव्हा रेओम्यूरच्या मापाने ३२ अंश होतात.

त्याच्या यंत्रात दोष होते. अल्कोहोल पाण्याच्या आधीच उकळतो, त्यामुळे वरच्या टोकाचं मापन डळमळीत होतं. फुगाही खूप मोठा असायचा. पुढे कारागिरांनी त्याच मापपट्टीवर पारा वापरला आणि युरोपच्या मोठ्या भागात ती दीडशे वर्षं चालली. पण मुद्दा अचूकतेपेक्षा मोठा होता. आता दोन गावांची, दोन वर्षांची उष्णता एकमेकांशेजारी ठेवता येत होती. रेओम्यूर वर्षानुवर्षं नोंदी जमवत आणि छापत राहिला. त्यात हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवरून आलेले आकडेही होते.

१७३५ मध्ये त्याने एक साधी गोष्ट केली. एप्रिल, मे आणि जून महिन्यांच्या रोजच्या सरासरी तापमानांची बेरीज केली आणि १७३४ च्या बेरजेशी ताडून पाहिली. ज्या वर्षी बेरीज कमी, त्या वर्षी पीक उशिरा तयार झालं. म्हणजे गव्हाला कॅलेंडर कळत नाही, त्याला साठलेली उष्णता कळते. कृषी विद्यापीठांत आज ज्याला ‘ग्रोइंग डिग्री डे’ म्हणतात, त्या हिशेबाची सुरुवात इथून मानली जाते.

ऋतू लांबवता येतो का?

जे गव्हाला, ते किड्यांना लागू आहे का? रेओम्यूरने लगेच ते करून पाहिलं. फुलपाखरांचे आणि पतंगांचे कोष त्याने दोन गटांत विभागले. एक गट ऐन हिवाळ्यात राजाच्या बागेतल्या उबदार काचघरात ठेवला. बाहेर कडाक्याची थंडी असताना आत फुलपाखरं बाहेर पडली. दुसरा गट थंड तळघरात ठेवला. ते कोष नेहमीची वेळ उलटून गेली तरी तसेच राहिले. काही कोषांवर तर त्याने व्हार्निश लावून पाहिलं. त्यातून त्याला सुचलेलं घरगुती काम म्हणजे कोंबडीच्या अंड्याला चरबी किंवा व्हार्निश लावलं की ते जास्त दिवस टिकतं.

हे प्रयोग कीटकांवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, १७३६ मध्ये आले. १७३४ ते १७४२ या काळात या ग्रंथाचे एकूण सहा खंड निघाले. सुरवंट, माश्या, मधमाश्या, गांधीलमाश्या, मावा अशा अनेकांवर त्यात पानंच्या पानं आहेत. त्यातल्या अनेक चित्रांमागचा हात एलेन द्युमुस्तिए या स्त्रीचा होता. ती त्याच्याच घरी राहून काम करायची. आपलं नाव छापू नये, अशी तिची इच्छा म्हणून ग्रंथात तिचा उल्लेख नावाशिवाय आला. रेओम्यूरने लग्न केलं नाही. मृत्युपत्रात त्याने आपली वारस म्हणून तिचंच नाव लिहिलं.

ग्रंथाचा परिणाम लांबवर झाला. जिनिव्हाच्या शार्ल बॉने या विशीतल्या मुलाने ते खंड वाचून १७४० मध्ये माव्याची एकच मादी जन्मापासून एकटी वाढवली. नराचा संबंध न येता तिला ९५ पिल्लं झाली. बॉनेने ती बातमी सर्वात आधी रेओम्यूरला कळवली.

लोआर नदीच्या बांधावर काय दिसलं?

आता मुंग्या. १७३१ च्या सप्टेंबरात रेओम्यूर घोडागाडीतून पॅरिसहून आपल्या मुलखाकडे निघाला होता. तूर शहराजवळ लोआर नदीच्या बांधावरून रस्ता जात होता. दिवस तापलेला होता. संध्याकाळकडे थोडी हवा सुटली तेव्हा तो पाय मोकळे करायला खाली उतरला.

बांधावर मातीच्या कणांचे छोटे छोटे ढीग दिसले. त्यांच्या तोंडाशी तांबूस मुंग्या होत्या, काही बिनपंखाच्या, काही पंखवाल्या. वर हवेत चिलटांचे असतात तसे पुंजके खालीवर तरंगत होते. हात पोचेल इतक्या उंचीवर ते आल्यावर त्याने मूठभर पकडले. ती चिलटं नव्हती, त्या पंखवाल्या मुंग्या होत्या. आणि त्यातल्या बऱ्याच जोडीने चिकटलेल्या होत्या. प्रत्येक जोडीत एक मोठी, एक बरीच लहान.

गाडी थांबवून मुठीत किडे पकडणारा हा अकादमीचा सन्माननीय सदस्य बरोबरच्यांना कसा दिसला असेल, हा वेगळा विषय. पण त्या मुठीत उत्तर होतं. मोठी ती मादी, लहान तो नर. पंख हे म्हातारपणाचं लक्षण नव्हतं, ती लग्नाची तयारी होती.

पुढे घरी काचेच्या बरण्यांत माती भरून त्याने मुंग्या पाळल्या आणि साखळी पूर्ण केली. मीलन झालेल्या मादीचे पंख गळून पडतात. वारुळात आत सापडणारी मोठी, बिनपंखाची मुंगी ही काही वेगळी जात नाही. ती एके काळी उडालेली मादीच असते आणि तीच वारुळाची आई होते. म्हणजे लोकांची समजूत नेमकी उलटी होती. कामकरी मुंगीला पंख कधीच येत नाहीत. पंख जातात ते राणीचे.

पक्ष्यांना खायला म्हणून विकली जाणारी ‘मुंगीची अंडी’ ही अंडी नसून कोष असतात, हेही त्याने स्पष्ट केलं. खरी अंडी याहून फारच लहान असतात.

हिवाळ्याबद्दलही त्याने एक जुनी कथा खोडली. मुंगी उन्हाळ्यात धान्य साठवते आणि हिवाळ्यात बसून खाते, हे युरोपातल्या प्रत्येक मुलाला शिकवलं जायचं. रेओम्यूरने पाहिलं तर तिथल्या थंडीत मुंग्या गोळा होऊन बधिर पडलेल्या असत. खाणंच नाही, तर कोठार कशाला? त्याच्या भागातल्या मुंग्यांपुरतं हे बरोबर होतं. पण सगळीकडच्या मुंग्यांना ते लागू पडत नाही, आणि याचा एक पुरावा थेट पुण्यातून आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी विल्यम सायक्स यांनी पुण्यात गवताचं बी साठवणाऱ्या मुंग्या पाहिल्या. पावसात भिजलेलं बी त्या उन्हात वाळवायला बाहेर काढत होत्या. हे निरीक्षण १८३५ मध्ये लंडनला छापून आलं.

मुंगीचं शरीर ऋतूप्रमाणे बदलतं म्हणजे नेमकं काय?

इथे रेओम्यूरच्या काळातून थोडं बाहेर येऊन आजच्या भाषेत पाहू. मुंगीच्या आयुष्याचे चार टप्पे असतात : अंडं, अळी, कोष आणि प्रौढ मुंगी. प्रौढ मुंगीचं शरीर बाहेरून कडक कवचाचं असतं. कोषातून बाहेर पडल्यावर ती पुन्हा कात टाकत नाही. त्यामुळे लहान मुंगी वाढून मोठी होते, हेही खरं नाही. लहान मुंगी ही लहान म्हणूनच जन्मलेली प्रौढ असते.

प्रौढ मुंगीत ऋतूनुसार जे बदलतं, ते आतलं. हिवाळ्यापूर्वी चरबी साठते. पोटाच्या कडक पट्ट्यांमधला मऊ पडदा ताणला गेला की पोट फुगलेलं दिसतं. अंडी घालण्याच्या काळात राणीचं पोट असंच ताणलेलं असतं. पण डोकं, छाती, पाय यांचा साचा बदलत नाही.

मग ऋतूचा ठसा उमटतो कुठे? अळीवर. तिला किती आणि काय खायला मिळालं, ती किती गरमीत वाढली, मधे थंडीत किती महिने थांबली, यावर अनेक जातींमध्ये ती कामकरी होणार की पंखवाली राणी, हे ठरतं. नराचा हिशेब वेगळा आहे. तो सहसा फलन न झालेल्या अंड्यातून होतो. पंखवाल्या नर-मादींची पिढी वाढवणं वारुळाला महागात पडतं, म्हणून ती वर्षभर नाही, ठरावीक मोसमातच वाढवली जाते.

आणि ती एकाच वेळी का उडते? पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते, राणीला बीळ खणायला सोपं जातं. हवेत ओल असल्यामुळे नाजूक शरीर लवकर सुकत नाही. शेजारच्या वारुळातले नर-मादीही त्याच वेळी बाहेर पडतात, त्यामुळे आपल्याच भावंडांशी जोडी जमण्याची शक्यता कमी होते. शिवाय पक्षी, पाली, बेडूक किती खाणार? थव्यातले काही तरी वाचतात.

आपली म्हण तेवढ्यापुरती खरी आहे. नर काही दिवसांतच मरतात आणि माद्यांपैकी बहुतेक कुणाच्या तरी पोटात जातात. पण जी वाचते, ती काही जातींत दहा-पंधरा वर्षंही जगते. पंख फुटलेली मुंगी ही एकतर सगळ्यात अल्पायुषी, नाहीतर सगळ्यात दीर्घायुषी.

ट्यूबलाइटखालचा किडा मुंगी की वाळवी, हे ओळखायचं तर वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. मुंगीचे पुढचे मोठे आणि मागचे लहान असतात, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात.

मग हे सगळं छापलं का गेलं नाही?

१७४२ च्या अखेरीस आणि १७४३ च्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत रेओम्यूरने मुंग्यांवरचा मजकूर लिहून काढला. तो कीटकग्रंथाच्या सातव्या खंडात जायचा होता. सातवा खंड त्याच्या हयातीत निघालाच नाही.

त्यानंतर त्याचं लक्ष दुसरीकडे वळलेलं दिसतं. १७४९ मध्ये त्याचं पुस्तक आलं, ते कोंबडीशिवाय अंडी उबवण्यावर. शेणखताच्या ढिगाच्या उष्णतेत अंडी ठेवायची आणि थर्मामीटर बघून ऊब सांभाळायची, अशी ती युक्ती होती. इन्क्युबेटर म्हणतो तो हाच प्रकार. १७५२ मध्ये त्याने एका शिकारी पक्ष्याला दोन्ही बाजूंनी उघड्या धातूच्या नळीत मांस घालून गिळायला लावलं. नळी नंतर ओकून बाहेर आली तेव्हा मांस विरघळलेलं होतं. म्हणजे पोट अन्न फक्त दळत नाही, पाचक रस त्याला विरघळवतो, हे सिद्ध झालं. त्या माणसाचा झपाटा पाहता सातवा खंड मागे पडणं समजू शकतं.

पण काळही बदलत होता. राजाच्या बागेचा प्रमुख असलेल्या बुफॉंच्या निसर्गेतिहासाचे पहिले खंड १७४९ मध्येच आले. बुफॉं सुंदर लिहायचा, मोठमोठे सिद्धांत मांडायचा, आणि माश्यांसारख्या क्षुद्र जिवांवर एवढी बुद्धी खर्च करणाऱ्यांची त्याने जाहीर खिल्ली उडवली. नाव न घेताही रोख कुणाकडे आहे, हे पॅरिसमध्ये सगळ्यांना कळत होतं. सहा जाडजूड खंड लिहिलेल्या साठी उलटलेल्या माणसाला हे लागलं असणार, असं मला वाटतं.

१७५५ मध्ये त्याला वारशाने ला बेर्मोंदिएर इथली गढी मिळाली. १७५७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथेच घोड्यावरून पडण्याचं निमित्त होऊन तो गेला. वय ७४. कागदपत्रं आणि नमुन्यांचा मोठा संग्रह अकादमीला मिळावा, अशी त्याची इच्छा होती. कागद अकादमीत गेले. संग्रह मात्र राजाच्या संग्रहालयात हलवला गेला, म्हणजे शेवटी बुफॉंच्याच ताब्यात.

पुढे उत्तर कुणी शोधलं?

विज्ञान थांबून राहत नाही. विल्यम गूल्ड या इंग्रज धर्मगुरूने १७४७ मध्ये इंग्लंडच्या मुंग्यांवर छोटं पुस्तक काढलं आणि मोठ्या पंखवाल्या माद्यांचे पंख जातात हे त्यात मांडलं. १८१० मध्ये जिनिव्हाच्या पिएर ह्यूबेरने एक पाऊल पुढे टाकलं. पंख आपोआप झडतात असं नव्हे, तर मादी स्वतः पाय लावून ते ओढून काढते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. म्हणून तर सकाळी फरशीवर पंख अख्खेच्या अख्खे मिळतात.

त्यानंतरची भर एका इंजिनीअरची आहे, त्यामुळे ती सांगायला मला विशेष आवडतं. शार्ल जानेट हा फ्रेंच कारखानदार फावल्या वेळात मुंग्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पंख गेल्यावर राणीच्या छातीत उडण्यासाठी असलेले मोठे स्नायू विरघळून जातात, असं त्याने १९०७ च्या सुमारास दाखवलं. बिळात एकटी कोंडून घेतलेली राणी अनेक जातींत काहीही खात नाही. तरी ती पहिल्या पिलांना पोसते, ते याच विरघळलेल्या स्नायूंच्या आणि साठवलेल्या चरबीच्या जोरावर. शिधा मोजकाच असतो. म्हणून नव्या वारुळातल्या पहिल्या कामकरी मुंग्या नेहमीपेक्षा खुज्या निघतात.

आणि रेओम्यूरचा मजकूर? तो पॅरिसच्या अकादमीच्या दप्तरात पडून होता. हार्वर्डचे विल्यम मॉर्टन व्हीलर हे मुंग्यांचे त्या काळातले सर्वात मोठे जाणकार. १९२५ मध्ये पॅरिसमध्ये असताना त्यांच्या हाती तो लागला. १९२६ मध्ये त्यांनी मूळ फ्रेंच मजकूर इंग्रजी भाषांतर आणि टिपांसह न्यूयॉर्कमध्ये छापला. लिहिल्यापासून १८३ वर्षांनी. १७४३ मध्येच हे छापलं असतं तर मुंग्यांचा अभ्यास कितीतरी आधी मार्गी लागला असता, ही हळहळ व्हीलर यांनाही होती. गूल्ड आणि ह्यूबेर यांना जे नव्याने शोधावं लागलं, त्यातलं बरंच त्या दप्तरात आधीपासून होतं.

तळघरातला कोष आणि वारुळातली अळी

रेओम्यूरकडे दोन धागे होते. एक, थंडी-उष्णतेने किड्याची वाढ थांबवता किंवा पळवता येते. दुसरा, वारुळातल्या मुंग्यांची रूपं वेगवेगळी असतात आणि पंखवाली पिढी ठरावीक मोसमात येते. हे दोन धागे एकत्र बांधायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

युरोपातल्या बागांमध्ये मिर्मिका रुब्रा ही तांबूस मुंगी सर्रास आढळते. ब्रिटिश संशोधक मायकल ब्रायन यांनी १९५० च्या दशकात तिच्यावर काम केलं. उन्हाळ्यात अंड्यातून निघालेल्या काही अळ्या भराभर वाढतात आणि त्याच मोसमात कामकरी मुंग्या होतात. उरलेल्या अळ्या अर्ध्यावर थांबतात आणि अख्खा हिवाळा तशाच काढतात. राणी होण्याची क्षमता या थांबलेल्या अळ्यांमध्येच असते. थंडी सोसल्यावर वसंतात भरपूर खायला मिळालं तर त्यातल्या काही राण्या होतात. वारुळात जुनी राणी असेल तर कामकरी मुंग्या हे प्रमाण दाबून ठेवतात, हा आणखी एक पेच. ढिगारे रचणाऱ्या काही फॉर्मिका मुंग्यांमध्ये तर फरक अंड्यापासूनच सुरू होतो. हिवाळा संपताच घातलेल्या अंड्यांचा कल राणीकडे, तर उन्हाळ्यातल्या अंड्यांचा कामकरी मुंग्यांकडे असतो.

महाराष्ट्रात असा बर्फाळ हिवाळा नसतो, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक जातींचं घड्याळ थंडीपेक्षा पावसाला बांधलेलं दिसतं. पण पहिल्या सरीनंतर ट्यूबलाइटखाली पंख टाकून सरपटणारी मोठी मुंगी दिसली, तर ती आदल्या दिवशीची ओट्यावरची मुंगी नसते. ती बऱ्याच आधी, पाऊस यायच्या आतच, वारुळाच्या आत वेगळं खाऊन वेगळी घडलेली असते.